खोलीतला अडथळा

मला भुताखेतांचा सोस नाही, हे आधीच सांगून ठेवते. एकतीस वर्षं मी माणसांच्या डोक्याला वायरी लावल्या. त्यात झटके येणारी पोरं आली, झोप न येणारे कारकून आले, आणि डोकं ठिकाणावर आहे की नाही हे तपासायला आलेले दोन वकीलही आले. तुम्ही विचारलंत, ताई, चांगली चालती नोकरी मधेच का सोडलीत? सांगते. पण एकदाच सांगेन, आणि मधे मधे बोलायचं नाही.

त्या दिवशी दुपारचे पावणेदोन झाले होते. डबा संपवून मी हात धूत होते, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून फोन आला. अतिदक्षता विभाग, खिडकीकडची बंद खोली, मशीन घेऊन वर या. एवढं ऐकलं की बाकीचं मला कळतं. साधा आलेख असेल तर रोग्याला खाली माझ्या खोलीत आणतात. मशीन वर मागवतात ते एकाच कामासाठी, माणूस आत आहे की गेला ते ठरवायला. माझ्या मशीनचं एक चाक अडेलतट्टू होतं. त्याला लाथ घालत लिफ्टपर्यंत आले आणि मग कागदावरचं नाव वाचलं. नाव दादांचं होतं.

दादा माझे सख्खे कोणी नव्हेत. मी बाविसाव्या वर्षी या कामावर लागले तेव्हा ज्यांनी मला टिकली कुठे लावायची ते शिकवलं, ते दादा. आमच्यात त्या वायरीच्या टोकाच्या चकतीला टिकली म्हणतात. मला ते 'चिमणे' म्हणायचे, आणि माझं वजन तेव्हाही बहात्तर किलो होतं. माणूस सोन्यासारखा, पण जिभेला 'हो' हा शब्द माहीतच नव्हता. बाहेर ऊन फार आहे म्हटलं तर म्हणायचे, ऊन कसलं, नुसता उजेड आहे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. चार दिवसांपूर्वी मोरीत पाय घसरला आणि डोक्यात रक्तस्राव झाला, असं कागदावर लिहिलं होतं. मला कोणी कळवलंही नव्हतं.

आता थोडं कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मेंदूचा आवाज फार बारीक असतो. डोक्याला टिकल्या लावल्या की त्याच्याआधी सगळं जगच आलेखात घुसतं. ट्यूबलाइट येते, पंखा येतो, सलाईनचा थेंब येतो, दारावरून चालत गेलेल्या माणसाची चप्पलसुद्धा येते. दादा म्हणायचे, "आधी जग वजा कर, चिमणे. उरेल तो माणूस." त्यासाठी मरणाच्या आलेखात आम्ही दोन टिकल्या जास्तीच्या लावतो, हाताच्या मागच्या बाजूला. हातात काही विचार नसतो, म्हणून तिथे जे उमटतं ते खोलीचं. त्याची ओळ सगळ्यात खाली येते. तिथे काही दिसलं की त्याच्यापुढे लिहायचं, 'खोलीतला अडथळा', आणि हिशेबातून काढून टाकायचं. डोक्याच्या ओळी अर्धा तास सरळ राहिल्या की डॉक्टर सही करतात.

खोलीत वहिनी बसल्या होत्या. दादांच्या बायकोला मी पहिल्यापासून वहिनीच म्हणते. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई, बुटकी, ताठ पाठीची. मला बघून रडल्या नाहीत.

"दोन डॉक्टर येऊन सांगून गेले," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, तिला येऊ दे. ती सांगेल तर मी श्वासाचं मशीन बंद करायच्या कागदावर सही करीन. तीन वाजता येणार आहेत ते."

"वहिनी, मी नुसती आलेख काढणारी. ठरवणार डॉक्टर."

"ते तुझाच कागद वाचून ठरवणार ना? तू ह्यांच्या हाताखाली तयार झालीस. तू खोटं लिहिणार नाहीस." मग म्हणाल्या, "मुलगा उद्या संध्याकाळी उतरतोय विमानानं. त्याला मी काय ते नक्की सांगायला हवं."

नातेवाइकांना खोलीत बसू द्यायचं नसतं. मी त्यांना बसू दिलं. ही माझी पहिली चूक धरा.

मी कामाला लागले. दादांचं टक्कल स्पिरिटनं पुसलं, खरखरीत पेस्टनं एकेक जागा घासली, मोजपट्टी लावून खुणा केल्या. डोक्यावर एकवीस टिकल्या आणि डाव्या हातावर दोन. कातडी अजून गरम होती. मग एकेक करून जग बंद करत गेले. ट्यूबलाइट बंद, एसी बंद, पलंगाच्या मोटारीची पिन काढली, दोघींचे मोबाइल बाहेर नर्सकडे दिले, पडदा ओढून घेतला. श्वासाचं मशीन तेवढं बंद करता येत नाही. भर दुपारी खोलीत मळकट तपकिरी अंधार झाला. एसी थांबल्यावर सगळे वास वर आले, स्पिरिटचा, तापलेल्या रबराचा, आणि खाली कुठेतरी बऱ्याच दिवसांच्या बंद कपाटाचा. श्वासाचं मशीन फुस्स करायचं, थांबायचं, पुन्हा फुस्स करायचं. बाकी चिडीचूप.

दोन वाजून चौदा मिनिटांनी आलेख सुरू केला.

ओळी सरळ होत्या. मशीनची नजर होईल तितकी बारीक करून बघितली, तरी सरळ. ज्या डोक्यानं मला हे काम शिकवलं, त्या डोक्यात काहीही नव्हतं. माझ्या डोळ्यांना धार लागली. पण हात बटणांवर चालूच राहिला, तसं शिकवलेलं होतं मला.

नवव्या मिनिटाला खालची ओळ हलली. हाताची.

आधी वाटलं, कोणीतरी बाहेर झाडू मारतंय. पण ती हालचाल तशी नव्हती. ती गोल, सारखी, एका सेकंदात दहा लाटा, फुगायची आणि ओसरायची. ही लाट मी लाखो वेळा बघितली आहे. जागा माणूस शांतपणे डोळे मिटून पडला की ती त्याच्या डोक्याच्या मागच्या भागात उमटते. डोळे उघडले की मोडते. ती हातात नसते. कुणाच्याच हातात नसते.

माझ्या तोंडचं पाणी पळालं, पण भुताच्या भीतीनं नाही हो. आमच्या कामातली सगळ्यात वाईट चूक म्हणजे वायरींची अदलाबदल. डोक्याची पिन हाताच्या भोकात गेली असेल तर ही लाट दादांच्या डोक्याची होती, दादा जिवंत होते, आणि मी त्यांना मारायला निघाले होते. मी विजेरीच्या उजेडात एकेक पिन बोटानं चाचपली. मग हातावरच्या टिकलीवर टिचकी मारली. धक्का खालच्याच ओळीत उमटला. डोक्यावर मारली, तर तो वरच्या ओळीत उमटला. पिना सगळ्या जागच्या जागी होत्या.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही... खोलीचं काहीतरी येतंय."

नियमाप्रमाणे आलेख चालू असताना रोग्याला नावानं हाक मारायची असते. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "दादा." डोक्याच्या ओळी ढिम्म. खालची लाट मात्र पटकन मोडली. दोन सेकंदांनी पुन्हा सुरू झाली. हाक ऐकलेल्या माणसाची मोडते ना, अगदी तशी.

मग मी हातावरच्या दोन्ही टिकल्या काढल्या. स्टीलच्या वाटीत ओला कापूस ठेवला होता, त्याच्यात खुपसल्या आणि वाटी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, पलंगापासून चार हात लांब.

लाट चालू राहिली.

माझी पाचावर धारण बसली. मी रोज जे म्हणते तेच म्हटलं. "डोळे उघडा." लाट गेली. "डोळे मिटा." लाट आली. तीनदा केलं, तिन्ही वेळा तसंच.

वहिनी केव्हा माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही. त्यांना आयुष्यभर दादांच्या बोलण्यातून हे काम माहीत होतं. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, मग खिडकीतल्या वाटीकडे.

"हे आहेत?" हळूच म्हणाल्या.

"माहीत नाही, वहिनी."

"मग विचार की... हो असेल तर डोळे मिटा म्हणावं."

विचारायला नको होतं. पण मलाही ते हवे होते हो. माझा बाप गेला तेव्हासुद्धा मी इतकी रडले नव्हते.

मी विचारलं, "दादा, हो असेल तर डोळे मिटा, नाहीतर उघडे ठेवा. तुम्ही आहात का?"

लाट आली. वहिनींनी माझा खांदा इतका दाबला की दुसऱ्या दिवशी वळ होता. मग त्याच विचारायला लागल्या. "दुखतंय का हो?" ओळ सरळ. "मी बोलतेय ते कळतंय?" लाट. "मशीन चालू ठेवू?" लाट, मोठी. "मुलगा येईपर्यंत?" लाट. "तो आल्यावरही?" लाट, अजून मोठी... ती थांबेचना.

वहिनींचा हात माझ्या खांद्यावरून सुटला. श्वासाचं मशीन फुस्स करत होतं. मग त्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "आपल्या मुलीलाही बोलावून घेऊ का?"

लाट आली.

मला क्षणभर उलगडलंच नाही. मग अंगावर सर्रकन काटा आला. त्यांना एकच मुलगा. मुलगी कधी झालीच नाही.

"मला तिसऱ्या 'हो'लाच शंका आली," वहिनी म्हणाल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "बेचाळीस वर्षांचा संसार. हा माणूस मला लागोपाठ तीनदा कधी हो म्हणाला नाही."

दोघी वाटीकडे बघत उभ्या राहिलो. वाटी, कापूस, दोन वायरी, बस. मी म्हटलं, "आपण बंद करू." वहिनी म्हणाल्या, "थांब. ह्यांचं विचारू दे." आणि वाटीला विचारलं, "ते... गेले का?"

लाट आली. सावकाश, मोठी, खात्री पटवल्यासारखी.

वहिनींनी डोळे पुसले. "संपलं तर मग," म्हणाल्या. "लिही. मी सही करते."

घड्याळात दोन चाळीस झाले होते. अर्ध्या तासाला चार मिनिटं कमी. मी खुर्चीत बसले आणि वरच्या ओळींकडे बघितलं. इतका वेळ आमचं लक्ष खालीच होतं. डाव्या बाजूची, अगदी मागची ओळ किंचित वाकली होती. मी बघत असतानाच पुन्हा वाकली. मग तिच्या शेजारची. आणि खालची लाट, वाटीतली, तेवढ्याच मापानं कमी होत होती. घर बदलताना माणूस एकेक वस्तू आत नेऊन ठेवतो ना, तसं चाललं होतं.

"वहिनी," मी म्हटलं, "डोक्यात येतंय..."

"काय येतंय?"

"लाट. आत जातेय ती. आता जर मी खरं लिहिलं, तर मशीन बंद होणार नाही. कदाचित... उठून बसतीलसुद्धा."

"कोण उठेल?"

त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. मी एवढंच म्हटलं, "आता पेस्ट सुटली, वायर हलली, काहीही कारण लिहिता येईल मला. पंधरा-वीस मिनिटांत तीन वाजतील. तुम्ही सांगाल तसं."

वहिनी पलंगाशी गेल्या. दादांच्या छातीवरची चादर नीट केली. गालावरून हात फिरवला. गाल गरम होता, श्वास चालू होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्या चेहऱ्यावरचं गणित बदलताना मी डोळ्यांनी बघितलं.

"आपण दोघी काहीतरीच बोलतोय," त्या म्हणाल्या. "गुंगीत असतील हे. मुलीचं नीट ऐकू आलं नसेल. मी 'मुलगा' म्हणाले असं वाटलं असेल."

"वहिनी..."

"घर खायला उठतं गं," त्या म्हणाल्या. आवाज पहिल्यांदा फुटला. "चार रात्री झाल्या. दगडापेक्षा वीट मऊ. तू खरं तेच लिही. तुझं कामच आहे ते."

मी खरं लिहिलं. डॉक्टर आले, कागदाकडे बघून खुर्चीत बसले, दोनदा चष्मा पुसला. श्वासाचं मशीन चालू राहिलं. अकराव्या दिवशी दादांनी डोळे उघडले. महिन्याभरात चालायला लागले. दवाखान्यात पेढे काय वाटले, सत्कार काय केला, माझंही नाव घेतलं. मी त्या दिवशी रजा टाकली होती.

सहा महिन्यांनी दोघं तपासणीला आले, खाली माझ्या खोलीत. वहिनी चार किलोनं भरल्या होत्या, गालांवर रंग होता. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "इतके शांत झालेत. कशाला नाही म्हणत नाहीत. मी म्हणेन ते खातात, म्हणेन तेव्हा झोपतात." हसून सांगितलं त्यांनी. त्यांना बाहेर बसवलं आणि काचेचं दार लावलं.

तो माणूस खुर्चीत बसला. "नमस्कार, ताई," म्हणाला. चिमणे म्हणाला नाही. मी डोक्याला टिकल्या लावल्या. स्क्रीन त्याच्या पाठीमागे होता. साध्या तपासणीत हाताच्या टिकल्या लागत नाहीत. पण मला सहा महिने झोप नव्हती, मी लावल्या.

"डोळे मिटा," मी म्हटलं. त्यानं मिटले. डोक्यात लाट आली, सुरेख, पुस्तकात छापावी अशी. खालची ओळही थरथरत होती. बारीक, तुटक, दमलेली. मी डोळे उघडायला सांगितलं. वरची लाट मोडली. खालची मोडली नाही, उलट वाढली. मिटायला सांगितलं, तर खालची नाहीशी झाली. जे सांगावं त्याच्या नेमकं उलट करत होती.

त्या दुपारी आम्ही वाटीला विचारलं होतं, ते गेले का. पण उत्तर देणारा कोण होता? ज्याला आत शिरायचं होतं, तोच ना? आणि आम्ही दोघी शहाण्या बायका त्याच्यावर विश्वास ठेवून बसलो.

मी अगदी हलक्या आवाजात म्हटलं, "दादा."

वरच्या एकवीस टिकल्यांपैकी एकीलाही त्या हाकेची खबर नव्हती. खालच्या ओळीनं मात्र उडी मारली, सगळ्या पानभर. पाण्यात बुडणारा माणूस हात वर करतो तशी. मी तोंडावर हात दाबला.

"ताई," खुर्चीतला माणूस म्हणाला. त्याचे डोळे मिटलेलेच होते, स्क्रीनकडे पाठ होती, आवाज गोड होता. "ती खालची ओळ काढून टाका. खोलीतला अडथळा आहे तो."

काचेपलीकडून वहिनी माझ्याकडे बघत होत्या. पिशवी मांडीवर घेऊन, हसऱ्या तोंडानं. खरं लिहिलं असतं तर ते कोणाला दाखवणार होते मी? आणि त्या बाईला काय सांगणार होते?

मी की-बोर्ड जवळ ओढला आणि खालच्या ओळीपुढे तेच चार-चार अक्षरी दोन शब्द टाइप केले. एकतीस वर्षांत कामात लिहिलेलं पहिलं खोटं. मी लिहीत होते तेवढा वेळ ती ओळ सरळ राहिली. माझं लिहून झालं, आणि ती पुन्हा हलायला लागली, आधीपेक्षा हळू.

मशीन मीच बंद केलं.